नाकवाल्या ऑर्व्हिलचं वाळवण

ऑर्व्हिल टॅगर्टला आमच्या डोंगरावर कुणी आडनावाने ओळखत नसे. नुसतं 'नाक' म्हटलं की पुरे. "नाक येऊन गेलं का?", "नाक काय म्हणालं?" असं सर्रास बोललं जायचं, आणि ते कानावर गेलं तर ऑर्व्हिल सुखावायचा. दिसायला त्या नाकात काही विशेष नव्हतं. बटाट्यासारखं, उन्हाने सालटं निघालेलं. पण गांजाच्या कळीवर ते एकदा टेकलं की ऑर्व्हिल डोळे मिटून सांगायचा, झाड उतारावर होतं की सपाटीला, कापणी लवकर झाली की उशिरा, आणि वाळवताना मालकाने कुठे माती खाल्ली.

हे शेवटचं सांगायला त्याला सगळ्यात जास्त आवडायचं. डोक्यावर हेलिकॉप्टरं घिरट्या घालायची आणि आम्ही सगळे लपूनछपून पिकवायचो, तेव्हापासून त्याचं हे चालू होतं. पुढे कायदा आमच्यावर प्रसन्न झाला. परवाने आले, फाटकांवर पाट्या लागल्या, आणि दर शरदात अग्निशमन दलाच्या शेडमागच्या मैदानावर कापणीची जत्रा भरायला लागली. स्पर्धेच्या बरण्या समोर मांडलेल्या असायच्या आणि परीक्षकाच्या खुर्चीत ऑर्व्हिल नाकाने कांदे सोलत बसलेला.

"याला गांजा म्हणतोस? हा कडबा आहे. घाई झाली होती ना, लावला असशील हीटर. आता गायीला घाल, आणि तिने तोंड फिरवलं तर मला कळव."

"मोजे ज्या तळघरात वाळत घालतेस तिथेच हा टांगलास ना? कळतंय. कोणते मोजे तेही कळतंय."

ओढ्यापलीकडे राहणारा रॉइस पेल्की तर त्याचं हक्काचं गिऱ्हाईक. रॉइस मेंढ्याही पाळतो. "रॉइस," ऑर्व्हिल दरवर्षी सगळ्यांसमोर म्हणायचा, "तू बरणीला झाकण लावतोस, हे तुझे गावावर उपकार आहेत बाबा." लोक पोट धरून हसायचे. रॉइसही हसायचा, दात दाखवून. त्यानंतर दोन-तीन दिवस त्याच्या मेंढ्यांचं काही खरं नसायचं.

माझं गावात दुकान आहे. तारा, पंखे, खतं, खिळे, सगळं मिळतं. जत्रेच्या समितीवरही मी असते. त्यामुळे या प्रकरणातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि उरलेलं ऑर्व्हिलची बायको डेल्फीन हिने मला नंतर सांगितलं.

त्या वर्षी वसंतात ऑर्व्हिलला ताप आला. चांगला दणकून. अंथरुणातून उठला तेव्हा कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी लागायला लागलं. लाकडाचा वास नाही, साबणाचा नाही, पावसाने भिजलेल्या कुत्र्याचासुद्धा नाही. उद्या येईल, परवा येईल म्हणून तो थांबला. वास काही आला नाही. डॉक्टरकडे जावं तर दवाखान्यातली नर्स रॉइसची मेहुणी. बायकोला सांगावं तर इतकी वर्षं तिच्या प्रत्येक भाजीला, प्रत्येक केकला नाक मुरडलेलं. आता कोणत्या तोंडाने सांगणार? ऑर्व्हिलने कुणालाच सांगितलं नाही.

उन्हाळ्यात लोक काचघरातला लवकरचा माल घेऊन त्याच्याकडे येतच होते. तो हुंगायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "वा! छान जमलाय." टीका करायची तर ती नेमकी करावी लागते. कौतुक कसंही खपतं. लोकांना वाटलं, आजारपणाने म्हातारा मवाळ झाला. हां हां म्हणता डोंगरावरच्या निम्म्या डब्यांवर चिठ्ठ्या झळकल्या, 'टॅगर्टच्या नाकाने वाखाणलेला'. गेल्या वर्षी ज्यांना त्याने गायीकडे पाठवलं होतं, तेही आता अचानक कलावंत ठरले. एवढा बदल एका उन्हाळ्यात कसा झाला, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

मग कापणीचे दिवस आले. रेडिओवर मोठ्या पावसाची सूचना आली. भरलेल्या कळ्या झाडावर भिजल्या की आतून सडतात, म्हणून ऑर्व्हिलने हाताखाली माणसं घेऊन सगळंच्या सगळं पीक एका दमात कापलं आणि आपल्या एकुलत्या एका शेडमध्ये टांगलं. फांदीला फांदी चिकटलेली, मध्ये हात घालायला जागा नाही. पाऊस सुरू झाल्यावर बाहेरचा ओलावा नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. आतला ओलावा कुठून जाणार, याचा विचार दरवर्षी त्याचं नाक करायचं. रोज सकाळी दार उघडलं की नाक सांगायचं, खिडकी उघड, पंखा वाढव, ही रांग विरळ कर. हवेतला दमटपणा दाखवणारी घड्याळं माझ्या दुकानात टांगलेलीच असतात. दरवर्षी तो त्यांच्याकडे बघून म्हणायचा, "विनी, ज्यांना देवाने नाक दिलं नाही त्यांना वीक ही."

पहिली तक्रार डेल्फीनने केली.

"शेडमध्ये मुतारीसारखा वास येतोय."

ऑर्व्हिलने ऐटीत हुंगलं. "बिशपचं काम."

बिशप हा त्यांचा लठ्ठ, नारिंगी बोका. त्या बिचाऱ्याची रवानगी माझ्या दुकानात झाली. गवताच्या बियांच्या पोत्यावर तो मजेत झोपायचा. इकडे शेडमधला वास वाढतच गेला. आता तो डोळ्यांत जायला लागला.

"बोका तर विनीकडे आहे," डेल्फीन म्हणाली. "मग आता त्याचं भूत येऊन मुतून जातंय का?"

"उंदीर मेला असेल फळीखाली."

"मेलेल्या उंदराचा वास असा असतो? नाक आहे ना तुला?"

हा प्रश्न वर्मी लागला. ऑर्व्हिल निमूटपणे शेडखाली सरपटत गेला, बराच वेळ खुडबुड केली आणि डोक्यावर कोळ्यांची जाळी घेऊन बाहेर आला. "सापडला. दिला फेकून."

उंदीरबिंदीर काही नव्हता. दुसऱ्या दिवशी वास होताच. डेल्फीन पुन्हा बोलायला गेली तर हा खेकसला, "जत्रेत हुंगायला कुणाला बोलावतात, तुला की मला? अगं, मुरताना माल असाच वास सोडतो. तुला नाही कळायचं त्यातलं."

अशात रॉइस आपली शिडी परत मागायला आला. ऑर्व्हिल शेडमध्ये आहे असं कळल्यावर त्याने दार ढकललं आणि तिथेच थबकला. अमोनियाचा असा भपकारा आला की डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि आत, त्या सगळ्याच्या मधोमध, बादली पालथी घालून, लाल झालेले डोळे चोळत ऑर्व्हिल शांतपणे सँडविच खात बसला होता.

रॉइस दिसतो तितका बावळट नाही. त्याने डोळे पुसले, मोठा श्वास घेतल्याचं सोंग केलं आणि म्हणाला, "अरे वा, ऑर्व्ह! काय घमघमाट आहे! संत्र्याची साल म्हणू का मी याला?"

ऑर्व्हिलने घास गिळला. "संत्रं आहेच. आणि त्याच्या मागे थोडा देवदार. थांब, येईल तुला."

रॉइसला शिडीची आठवणच राहिली नाही. तो तडक माझ्या दुकानात आला आणि काउंटरला धरून हसायला लागला. इतका, की त्याला पाणी द्यावं लागलं.

"नाक मेलंय, विनी! ठार मेलंय! मुतारीत बसून जेवतोय आणि म्हणतोय देवदार!"

मग काय, डोंगरभर झालं. लोक कुणी करवत मागायला, कुणी अंडी द्यायला म्हणून टॅगर्टांकडे जायला लागले. शेडच्या दारात उभं राहून तोंडाने श्वास घ्यायचा आणि वाखाणणी करायची. एकाने जाई म्हटलं, एकीने पिकलेला पेरू. ऑर्व्हिलने दोघांनाही मान डोलावली. "पेरू, बरोबर. तुझं नाक तयार होतंय हं." ती बाहेर येऊन कुंपणाला टेकून हसली आणि मग ओकली.

मी गेले ती बिशपची खबर द्यायला. वास येताच ओळखलं, माल आतून कुजायला लागलाय. म्हटलं, "ऑर्व्हिल, खिडकी उघड जरा. अर्धा माल उतरव. वाईट वास येतोय."

"विनी," तो म्हणाला, "तू पंखे वीक."

मी परत आले.

दोन दिवसांनी डेल्फीन फिनेल घ्यायला दुकानात आली. आत रॉइस आणि दोघं-तिघं हसण्यात बुडालेले. ती दिसताच सगळे चिडीचूप झाले.

"काय झालं?" ती म्हणाली. "मलाही सांगा की. मीही हसते."

"काही नाही, डेल्फीन," रॉइस म्हणाला. "तुमच्या मालाचं कौतुक चाललंय. बरणी उघडली की फुलपाखरं येतील म्हणे."

डेल्फीनने त्याच्याकडे नीट पाहिलं. "येतील. तुझ्या बरणीवर माश्या येतात, तशीच."

पण घरी जाताना तिच्या डोक्यात चक्र फिरत राहिलं. त्या संध्याकाळी तिने चुलीवर घेवड्याच्या बियांचं भांडं ठेवलं, ऑर्व्हिलला शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत सोडलं आणि लाकडं आणायला गेली. तिथे कोंबड्यांचं काहीतरी निघालं आणि वेळ लागला. परतताना अंगणातच तिला करपल्याचा वास आला. धावत आत आली तर भांड्यात कोळसा झालेला, घरभर धूर, आणि ऑर्व्हिल चष्मा पुसतोय.

"अरे, घर जळालं असतं!"

"मला वाटलं," ऑर्व्हिल म्हणाला, "आज मुद्दाम खरपूस करतेयस."

तिने भांडं सिंकमध्ये टाकलं. मग कपाटातून खिडक्या पुसायच्या अमोनियाची बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्याच्या नाकाखाली धरली. ऑर्व्हिलने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, पण नाक काही मागे सरलं नाही.

"कधीपासून?"

"ताप आला तेव्हापासून."

"म्हणजे उन्हाळ्यात माझ्या पीचच्या केकमध्ये दालचिनी जास्त झाली म्हणालास, ते?"

"अंदाजाने."

"अंदाजाने!" हातातलं फडकं तिने त्याच्या पाठीवर हाणलं. मग दुसऱ्यांदा हाणलं. मग तिथेच बसून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. ऑर्व्हिल खाली मान घालून म्हणाला, "तुझ्या केसांचा वाससुद्धा येत नाही गं." त्यावर तिने फडकं खाली ठेवलं.

सकाळी दोघं शेडमध्ये गेली. डेल्फीनने तोंडाला रुमाल बांधला आणि सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. दाट रांगांच्या मधली फांदी ओढून कळी फोडली तर आत करडी बुरशी. असल्या फांद्या ती बाहेर फेकत गेली. ढीग वाढत गेला तसा ऑर्व्हिलचा जीव वर-खाली व्हायला लागला.

"स्टोव्ह पेटवतो," तो म्हणाला. "दोन दिवसांत वाळेल सगळं."

"वाळवायचंय की भाजायचंय? वरून कुरकुरीत, आतून ओलं, आणि कडब्याचा वास! हे मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकत आलेय? जेवताना, झोपताना, माझ्या बहिणीच्या लग्नात?"

त्याचीच सगळी प्रवचनं तिला पाठ होती. फांद्या वीतभर अंतराने टांगा. वारा मालावर थेट सोडू नका, भिंतीकडे सोडा. काडी वाकवल्यावर कट्कन मोडेपर्यंत बरणीत भरू नका, नाहीतर बरणीतही कुजेल. बुरशी लागलेलं हावरटपणा न करता फेका. अर्धा माल त्यांनी गोठ्यात आणि बैठकीच्या खोलीत दोऱ्या बांधून टांगला. माझ्याकडून पंखे नेले आणि एक दमटपणाचं घड्याळही. ते घेताना ऑर्व्हिल बाहेर गाडीतच बसून राहिला. जवळजवळ निम्मं पीक ढिगाऱ्यात गेलं. उरलेल्याचा वास कमी झाला, पण पुरता गेला नाही. तो माल पुढे तेल काढणाऱ्यांनी नेला. कळ्या म्हणून विकण्याच्या लायकीचं थोडंच निघालं.

इतक्यात जत्रा आली. ऑर्व्हिलला दुखण्याचं निमित्त करून घरी राहायचं होतं, पण डेल्फीन म्हणाली, "घरी राहिलास तर रॉइस ढोल वाजवेल. मी बसते शेजारी. एक लाथ म्हणजे वाईट, दोन म्हणजे चांगला."

तशी ती शेजारी बसली. टेबलाखाली लाथा चालू झाल्या आणि निकाल पटापट लागायला लागले. तिच्या कोंबड्यांवर कुत्रा सोडणाऱ्या बाईला चार वेळा 'कडबा' ऐकावं लागलं. वास खरोखर तसा होता की नाही, हे मला डेल्फीनने कधी सांगितलं नाही.

मग रॉइसची बरणी आली. दुकानात त्याच्याबरोबर हसणारी सगळी टोळी पुढे सरकली, काहींनी फोन काढून तयार ठेवले. वर दोन-तीन सुंदर कळ्या होत्या आणि खाली कुजवलेलं गवत आणि मेंढ्यांच्या वाळल्या लेंड्या चुरून भरल्या होत्या. मला तो वास चार पावलांवर आला. ऑर्व्हिलने बरणी नाकाला लावली, डोळे मिटले आणि लाथेची वाट पाहत राहिला.

लाथ आली नाही. डेल्फीन उठून उभी राहिली.

"हा माल असा हुंगून सांगण्यासारखा नाही," ती मोठ्याने म्हणाली. "ओढून बघायला हवा. आणि आपल्याकडची जुनी रीत आहे, पहिला झुरका मालकाचा."

अशी रीत कधीच नव्हती. पण तमाशा बघायला कुणाला नको? दोन-चार म्हाताऱ्यांनी लगेच माना डोलावल्या. "हो हो, जुनी रीत आहे. आमच्या वेळी असंच असायचं." कुणीतरी चिलीमही पुढे केली. डेल्फीनने बरणीच्या तळातला चुरा चिमटीने काढून भरला आणि काडी पेटवली.

"घे, रॉइस."

रॉइसने इकडेतिकडे पाहिलं. त्याची टोळी आता त्याच्याकडे बघून हसत होती. त्याने झुरका घेतला. तोंड जांभळं झालं, डोळे बाहेर आले, आणि तो दुमडून खोकायला लागला. मैदान हशाने दणाणलं. कुणीतरी ओरडलं, "देवदार लागला का रे?"

त्याने मात्र रॉइसचा तोल गेला. "हसा!" तो तोंड पुसत किंचाळला. "त्या म्हाताऱ्याला हसा की! त्याला वास येत नाही! नाक मेलंय त्याचं! लेंड्या आहेत त्या, लेंड्या, आणि हा डोळे मिटून बसलाय!"

ऑर्व्हिल टेबलाला धरून उठला.

"खरं बोलतोय तो," तो म्हणाला. "वसंतापासून काही वास येत नाही मला. तेव्हापासून मी जे काही सांगितलं ते सगळं खोटं होतं."

मला वाटलं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. सगळ्यांत पुढे एक तरुण जोडपं उभं होतं, शहरातून येऊन जमीन घेतलेलं, डोंगरावरच्या कुचाळक्या ज्यांच्या कानावर गेल्या नव्हत्या असं. त्यातल्या बाईचा चेहरा पडला.

"म्हणजे आमचा माल?" ती म्हणाली. "तुम्ही वा म्हणाला होतात. आम्ही सगळ्या डब्यांवर छापलंय ते."

"आम्हीही छापलंय," मागून कुणीतरी म्हणालं.

"माझ्या तर फाटकावर पाटी आहे."

त्या संध्याकाळी समितीची बैठक बसली. मी होतेच. ऑर्व्हिलने राजीनामा पुढे ठेवला तर कुणी घ्यायला तयार नाही. एकाचं म्हणणं, गर्दीत गोंगाट फार होता, टॅगर्ट नेमकं काय म्हणाले ते नीट ऐकू आलं नाही. दुसऱ्याचं, वास न येणारा परीक्षकच खरा निःपक्षपाती. जे कालपर्यंत शेडच्या दारात पेरू आणि जाई म्हणत होते, ते आज त्याच्या थोर सेवेबद्दल बोलत होते. हुंगून शिव्या देत होता तेव्हा त्याला कुणी थोर म्हटलं नव्हतं.

"तुम्हाला नाक नकोय," तो शेवटी म्हणाला. "शिक्का हवाय. तो दुसऱ्याकडून मारून घ्या." आणि टोपी घालून निघून गेला.

पुढच्या वर्षी समितीने रॉइसला खुर्चीत बसवलं. सगळ्यांसमोर खरं बोलणारा एवढा एकच माणूस होता, असं कारण दिलं. रॉइसने कोट घातला, प्रत्येक बरणी डोळे मिटून हुंगली, आणि एकूण एक बरण्या उत्कृष्ट ठरवल्या. तेव्हापासून जत्रेला गर्दी वाढली आहे.

ऑर्व्हिल जत्रेला येत नाही. रॉइस खुर्चीत बसला त्या शरदात मी पंख्याचा पट्टा द्यायला त्यांच्याकडे गेले तर दोघं शेडमध्ये होती. फांद्या विरळ टांगलेल्या, खिडकी अर्धी उघडी. तो तिला फांदीजवळ उभी करून विचारत होता.

"काय येतंय?"

"बरा आहे."

"बरा म्हणजे काय, डेल्फीन? लिंबू? माती? मिरी?"

तिने पुन्हा हुंगलं.

"माझ्या आत्याकडे एक पेटी होती," ती म्हणाली. "तिच्यात ती स्वेटर ठेवायची. तसा येतोय."

"कोणत्या लाकडाची पेटी?"

"ते नाही माहीत."

"मग चांगला की वाईट?"

"आत्या चांगली होती," डेल्फीन म्हणाली. ऑर्व्हिल तिथेच उभा राहून डोळे मिटून ती पेटी आठवायला लागला, जी त्याने कधी पाहिलीच नव्हती.